विसाव्या पेरापर्यंत

आमच्या मॅडमना “चहा घेणार का?” असं विचारलं, की त्यांचं “हो” येईपर्यंत विचारणारा चहा गाळून, स्वतःचा कप रिकामा करून दुसऱ्या कामाला लागलेला असायचा. त्यांना ऐकायला कमी येत होतं असं मुळीच नाही. कान इतके तिखट, की शेवटच्या बाकावर कुणी टॉफीचा कागद उलगडला तरी फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारायच्या, “संतरे वाली है?” आणि मग उत्तराची वाट बघत तशाच उभ्या. त्या थांबायच्या, एवढंच. उत्तर देण्याआधी थांबायच्या आणि प्रश्न विचारल्यावर तर थांबायच्याच. भाजीवाला, टेम्पोवाला, बँकेतल्या खिडकीमागचा माणूस, खुद्द प्रिन्सिपल, सगळ्यांना एकच न्याय. एकदा विचारायचं, ओठ मिटायचे आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. हात पदराखाली. त्या पदराखाली काय चालतं हे कळायला आम्हाला महिना लागला. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. उजव्या हाताची बारा पेरं, डाव्या हाताची आठ, मिळून वीस.

“एक बार पूछो. बीस तक गिनो. तब तक मुँह बंद,” हा त्यांचा पहिल्या तासाचा धडा होता आणि शेवटच्या तासाचाही. दहा का नाही, असं एका मुलीने विचारलं होतं. नेहमीसारखा वेळ घेऊन मॅडम म्हणाल्या, “दस तो अपनी ही हड़बड़ी उतरने में लग जाते हैं. उनके हिस्से के दस तो छोड़ो.”

मानिक चौकात त्यांच्याबरोबर खरेदीला जाणं ही शिक्षाच. दुकानदार बादली पुढे करून “ले लीजिए बहनजी” म्हणायचा आणि या गप्प. बिचारा त्या शांततेत स्वतःच दोनदा भाव उतरवायचा. बाई पक्की घासाघीस करणारी आहे, अशी सगळ्या बाजारात त्यांची ख्याती होती. त्या नुसत्या पेरं मोजत असायच्या.

मी झाशीचीच. आमचे कुणी पूर्वज कधीकाळी कारकुनीसाठी इकडे आले आणि परतीची वाट विसरले. आमच्याकडे घरात मराठी, दारात हिंदी आणि भांडायला बुंदेली. नर्सिंग कॉलेजात साठ मुलींत मराठी मी एकटी आणि शिकवणाऱ्यांत मराठी त्या एकट्या. त्यांचं आडनाव ऐकल्यावर बाबांनी त्याच दिवशी जेवताना जाहीर करून टाकलं, “चला, काळजी मिटली. आपलं माणूस आहे.” गणपतीत मराठी मंडळींच्या आरतीला त्या दिसल्या तेव्हा बाबांनी मुद्दाम पुढे होऊन ओळख काढली. “मुलीकडे लक्ष असू द्या,” म्हणाले. मॅडमनी पुरती वीस पेरं मोजली आणि म्हणाल्या, “सगळ्याच मुलींकडे असतं.” बाबांना ते विनयाने बोलणं वाटलं.

आमच्या अभ्यासक्रमात बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांची शुश्रूषा म्हणजे पुस्तकातली मोजकी पानं. ती एका दुपारी उरकता येतात. व्याख्या, प्रकार, कारणं, लिहून घ्या, झालं. मॅडमनी त्याचे तीन महिने केले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कॉलेजची बस आम्हाला बिजौलीच्या कारखान्यांच्या पलीकडे एका निवासी संस्थेत नेऊन सोडायची. तिथे चाळीसेक माणसं राहायची. बहुतेक सगळी मोठी, काहींचे केसही पांढरे झालेले. तरी संस्थेत सगळ्यांना “बच्चे” म्हणायची पद्धत होती. पहिल्या दिवशी मीही वहीत लिहिलं, “चौंतीस साल की बच्ची.” मॅडमनी ते वाक्य मला वर्गापुढे तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी मलाच हसू फुटलं. त्यानंतर आम्हीही त्यांच्यासारखं प्रत्येकाच्या नावापुढे “जी” लावायला लागलो.

गळ्यात त्या रक्तदाब मोजायचा पट्टा घालून फिरायच्या. स्टेथोस्कोप नाही, दंडाला गुंडाळायचा तो काळा पट्टाच. संस्थेतल्या लोकांना तो दर वेळी दिसावा, त्यांनी तो ओढावा, वास घ्यावा, नको असेल तर फेकून द्यावा, म्हणजे खरोखर दंडाला बांधायची वेळ येईल तेव्हा ते घाबरणार नाहीत, असा हिशेब. पण मॅडम तो पट्टा काढायला विसरायच्या. तसाच गळ्यात घालून एकदा हळदीकुंकवाला गेल्या, तर आमच्या ओळखीच्या एक काकू घरी येऊन आईला म्हणाल्या, “अगं, तुझ्या लेकीच्या मास्तरीणबाईंचं डोकं जरा ठिकाणावर नाही वाटतं.”

त्यांच्या घरी असं कुणीतरी असणार, भाऊ असेल, बहीण असेल, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. नाहीतर कोण कशाला एवढा जीव टाकेल? शेवटी एकीने धीर करून विचारलं. मॅडम बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. “नहीं, कोई नहीं है,” म्हणाल्या. “क्यों, होना ज़रूरी है?” 

पहिले दोन आठवडे त्यांनी आम्हाला संस्थेत काहीच करू दिलं नाही. एकेकीला एकेक माणूस नेमून दिला आणि म्हणाल्या, जा, शेजारी बसा. आम्ही नाडी, ताप, जखमेची पट्टी असलं काय काय शिकून आलेल्या, हात नुसते शिवशिवत होते. “मैम, सेवा कब शुरू होगी?” असं मी विचारलं. “पहले जान-पहचान तो हो जाए,” म्हणाल्या. आणि स्वतः दारातल्या स्टुलावर आमच्याकडे चक्क पाठ करून बसल्या. दर वेळी तशाच बसायच्या. का, म्हणून एकदा बसमध्ये मी मराठीत विचारलं. वर्गात त्या मला “आप” म्हणायच्या आणि बसमध्ये “तू”. “मी बघत बसले, की तुम्ही त्यांच्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघून काम करता,” म्हणाल्या. “मला ऐकू येतं सगळं. तू मागच्या वेळी बसल्या बसल्या घोरत होतीस.” आणि ते खरं होतं.

माझ्या वाट्याला आल्या बिट्टी जी. वय वर्षं चौंतीस, खिडकीजवळची जागा, मांडीवर बिस्किटांचा जुना डबा आणि त्यात रिबिनी. त्या बोलत नाहीत असं सगळे सांगायचे. फाईलवर तसं लिहिलेलं होतं. तिथल्या जुन्या सेविकेने, जिला सगळे कक्को म्हणायचे, मला पहिल्याच दिवशी समजावलं, “जा तो गूँगी आय बिन्नू, तुम काए मूड़ मार रईं?” मीही मग डोकं फोडून घेतलं नाही. दर वेळी त्यांची वेणी घालायची आणि घरी यायचं.

एका शुक्रवारी मात्र बस उशिरा येणार होती आणि मला दुसरं काही काम नव्हतं. डब्यातून तीन रिबिनी काढून मी त्यांच्यापुढे धरल्या. “बिट्टी जी, आज कौन-सी बाँधें?” आणि मॅडमना जरा चिडवावं म्हणून त्यांच्यासारखीच पेरं मोजायला लागले. बारा झाली. बिट्टी जी खिडकीबाहेरच बघत होत्या. पंधरा झाली. मी मनात म्हटलं, झालं, आता विसाला बस येईल. सतराव्या पेराला त्या म्हणाल्या, “पीरो.”

पिवळी. आवाज जाडसर होता, घसा बरेच दिवस वापरलेला नसावा तसा. माझ्या हातून उरलेल्या रिबिनी खाली पडल्या. दारातल्या स्टुलावरून मॅडम उठल्या, आत आल्या, गळ्यातला तो काळा पट्टा काढून त्यांनी माझ्या गळ्यात घातला आणि परत जाऊन बसल्या. इतकी वर्षं नोकरी झाली, दोन-तीन प्रशस्तिपत्रकंही मिळाली, पण त्या दिवशीसारखं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

परतताना बसमध्ये मी सारखी बोलत होते. कक्को इतकी वर्षं तिथे आहे, तिला कसं कळलं नाही, लोक थांबत का नाहीत, असं काहीतरी. मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. बिजौली मागे पडल्यावर त्यांचं उत्तर आलं. “थांबलं की उत्तर येतं ना. आणि ते आपल्याला आवडेल असंच येईल, याची खात्री नसते. म्हणून नाही थांबत.” मी मान हलवली. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

प्रात्यक्षिक परीक्षा त्यांनी हट्टाने त्या संस्थेतच ठेवली. बाहेरच्या परीक्षक ग्वाल्हेरच्या बाजूने आल्या होत्या आणि त्यांना परतीची गाडी पकडायची होती. दर पाच मिनिटांनी मनगट वर व्हायचं. माझ्या वाट्याला चिठ्ठी निघाली ती नेमकी बिट्टी जींचीच. मला आनंदच झाला. नाडी पाहिली, ताप पाहिला, पट्टा दाखवून, हातात देऊन, मग दंडाला बांधून रक्तदाब घेतला. सगळं सुरळीत झालं. बिट्टी जी त्या दिवशी जरा जास्तच डुलत होत्या, रिबिनींचा डबा त्यांनी उघडलासुद्धा नव्हता. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी विचारलं, “बिट्टी जी, कहीं दर्द है?” आणि मोजायला लागले.

नवव्या पेराला परीक्षक खाकरल्या. “आगे चलिए. पेशंट नॉन-वर्बल है ना?”

नाही मैम, त्या बोलतात, फक्त जरा थांबा, एवढंच म्हणायचं होतं मला. जिभेवर आलेलंही होतं. पण त्या बाईंची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, मागे पाच मुली रांगेत उभ्या होत्या आणि माझ्या तोंडून निघालं, “जी, नॉन-वर्बल.” कागदावर वेदनेच्या रकान्यात मी लिहिलं, “नहीं.” कागद त्यांच्या हातात दिला आणि थर्मामीटर पुसायला वळले. तेवढ्यात मागून आवाज आला.

“कान.”

परीक्षक तोवर पुढच्या खाटेकडे निघाल्या होत्या. त्यांनी ऐकलं नाही. मी ऐकलं. दारातल्या स्टुलावर पाठ करून बसलेल्या मॅडमनी ऐकलं. मी थर्मामीटर पुसतच राहिले.

त्या दुपारी मॅडम स्वतः बिट्टी जींना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. कानात पू झाला होता, किती दिवसांपासून कोण जाणे. आणि आठवड्याने निकाल लागला तेव्हा बाहेरच्या परीक्षकांनी मला भरपूर गुण दिले होते आणि मॅडमनी त्यांच्या निम्म्या वाट्यातून शून्य. मी नापास झाले. साठ मुलींत एकटी.

मी त्यांना जिन्यात गाठलं. रडत होते, भांडत होते, दोन्ही. इतर मुलींनी तर काय काय चुका केल्या, एकीने पट्टा उलटा बांधला, त्या पास आणि मी नापास? त्या दिवशी त्यांनी फार वेळ घेतला नाही. “त्या घाईत चुकल्या. त्यांना शिकवता येईल,” म्हणाल्या. “बिट्टी जी बोलतात हे सगळ्या जगात आधी तुला कळलं होतं. तू ठाऊक असून लिहिलंस.”

आजही कधी कधी मला वाटतं, अर्धे गुण कापले असते तरी मी जन्मभर विसरले नसते, शून्याची गरज नव्हती. असं वाटलं की मी स्वतःशीच भांडते आणि हरते.

घरी बाबांचा पारा चढला तो उतरेना. नापास झाले याचं दुःख त्यांना होतंच, पण त्याहून मोठा घाव वेगळा होता. “परक्याने केलं असतं तर समजलो असतो. आपलं माणूस म्हणून मान दिला, आणि हिने साठ जणींतून नेमकी आपलीच पोर वेचून काढली!” आमच्यासारख्या मूठभर घरांत हा गुन्हा फार मोठा. जिथे मोजकीच माणसं आपली भाषा बोलतात, तिथे त्यांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं, हा आमचा न लिहिलेला कायदा. मॅडमनी तो मोडला होता. आई म्हणत होती, “राहू द्या, सहा महिन्यांनी परत देईल परीक्षा.” बाबांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, “लिही. तुझं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं आहे.”

मी तक्रार लिहिली. मैम अभ्यासक्रम पूर्ण करत नाहीत. मैम प्रश्नांची उत्तरं वेळेवर देत नाहीत. मैम विद्यार्थिनींचा वर्गापुढे अपमान करतात. हे सगळं ओढूनताणून का होईना, खरं म्हणता आलं असतं. चौथा मुद्दा बाबांनी सुचवला. “पाठ करून बसायच्या ना त्या? मग मुलींना पेशंटांत एकटं सोडलं, असंच झालं की.” तसं नव्हतं झालं. त्यांच्या पाठीइतकं लक्ष आजवर कुणाच्या डोळ्यांनी माझ्याकडे दिलेलं नाही. पण मी लिहिलं, “मैम छात्राओं को मरीज़ों के बीच अकेला छोड़कर चली जाती हैं.” मुलींनी सह्या केल्या. कुणी माझ्या प्रेमाखातर, कुणी त्या वीस पेरांना कंटाळून. पहिली सही माझी होती.

प्रिन्सिपलनी आम्हाला एकेकीला खोलीत बोलावलं. मॅडम बाजूच्या खुर्चीवर बसल्या होत्या, हात पदराखाली. बाकीचे मुद्दे प्रिन्सिपलनी हसण्यावारी नेले होते, पण चौथा त्यांना टोचला होता. काही बरंवाईट झालं असतं तर कॉलेजचं नाव खराब झालं असतं. त्यांनी मला विचारलं, “मैम तुम लोगों को वहाँ अकेला छोड़कर जाती थीं?”

पदर हलताना मला दिसला. मॅडम माझ्यासाठी पेरं मोजत होत्या.

“हाँ या ना?” प्रिन्सिपलनी पेन आपटलं. “जल्दी बोलो.”

“ठहरिए मैम,” मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “वो सोच रही है. उसे वक़्त दीजिए.”

त्यांनी मला पूर्ण वेळ दिला. त्या वेळात मी काय काय आठवलं ते मला आजही पाठ आहे. पिवळी रिबीन आठवली, गळ्यात पडलेला पट्टा आठवला, घरी वाट बघत असलेले बाबा आठवले. पदर हलायचा थांबला. मी म्हणाले, “जी. जाती थीं.”

मॅडम उठल्या. “जवाब आ गया,” म्हणाल्या आणि गेल्या. त्या करारावर होत्या. करार पुढे वाढवला नाही. बिजौलीची बस बंद झाली. आमच्या मागच्या वर्गाला तो विषय पडद्यावर चित्रं दाखवून एका दुपारी शिकवला. सहा महिन्यांनी मी एका इस्पितळात पुन्हा परीक्षा दिली आणि पास झाले. बाबांनी पेढे वाटले. पुढे बाबा गेले, शेवटपर्यंत आम्ही त्या विषयावर बोललो नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मॅडमचं घर माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. झाशीत मराठी घरं इतकी थोडी, की एखाद्याला टाळायचं तर मेहनत घ्यावी लागते. मी ती घेतली. गणपतीच्या आरतीला जाणं सोडलं, संक्रांतीला त्या कुठे जाणार नाहीत याचा अंदाज घेऊन मग बाहेर पडायची. एकदा मानिक चौकात समोरून येताना दिसल्या, तर मी गरज नसताना एका दुकानात शिरून अर्धा तास चादरी बघत बसले.

मी आता इस्पितळात एका वॉर्डची प्रमुख आहे. मी मोजते. म्हातारे, घाबरलेले, बोलायला वेळ लागणारे, सगळ्यांसाठी मोजते, आणि माझ्या हाताखालच्या मुलींनाही मोजायला लावते. त्या त्याला “दीदी वाली गिनती” म्हणतात. त्यांना वाटतं ही माझीच युक्ती आहे. पहिल्यांदा त्या तसं म्हणाल्या तेव्हा मी चूक दुरुस्त करायला हवी होती. केली नाही. चोरी केल्यासारखं वाटतं, पण चोरलेलं परत कुणाकडे द्यायचं, हा प्रश्न मी टाळत राहिले.

या संक्रांतीला शेजारणीकडे हळदीकुंकवाला काकू आल्या होत्या, मॅडमच्या पट्ट्यावरून बोललेल्या त्याच. वाण घेता घेता म्हणाल्या, “तुझ्या मॅडमना लकवा झाला गं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आता काही समजत नाही त्यांना.” सगळ्या बायका हळहळल्या. मी हातातलं फुलपात्र खाली ठेवलं. काही समजत नाही, हे कुणी ठरवलं? कुणी विचारलं त्यांना, आणि विचारून किती थांबलं? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. रविवारी दुपारी मी गेले. तो काळा पट्टा अजून माझ्याकडे होता, तो पर्समध्ये घातला.

दोरे-बटणांच्या दुकानावर पहिला मजला. दार त्यांच्या भाचेसुनेने उघडलं. ती इकडचीच, बोलायला मोकळी आणि मनाने चांगली. घर स्वच्छ होतं, मॅडमचे केस नीट विंचरलेले होते. “आइए दीदी, बैठिए. बुआजी तो अब कुछ समझती नहीं हैं, बस देखती रहती हैं,” ती म्हणाली. मग वाकून मोठ्याने, “बुआजी, चाय?” आणि लगेच माझ्याकडे वळून, “नहीं लेंगी. आप तो लेंगी ना?” मी हो म्हटलं. ती आत गेली.

मॅडम खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, डावा चादरीवर. किती लहान झाल्या होत्या. मी स्टूल जवळ ओढलं. घरून मी पुष्कळ वाक्यं तयार करून नेली होती. माझं वय, बाबांचा स्वभाव, कॉलेजची पद्धत. त्यांच्या डोळ्यांकडे बघितल्यावर ती सगळी वाक्यं म्हणजे नुसती कारणं आहेत हे कळलं. मी नाव सांगितलं आणि म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोलले. माझ्यामुळे तुमचं काम गेलं. तुम्हाला माझा राग आहे का?”

एकदाच विचारलं. मग मोजायला लागले.

खाली दुकानात कुणीतरी बटणं हलवून बघत होतं. आत भांडं वाजलं. दहाव्या पेराला मला म्हणावंसं वाटलं, असू दे मॅडम, त्रास नका करून घेऊ. जीभ चावली. वीस झाली. मॅडमचं तोंड थोडं हललं, थांबलं. मी पुन्हा पहिल्या पेरावर आले. मनात कुठेतरी मी एक हावरट आशा धरून बसले होते. मान हलवतील, नाही म्हणतील, फार तर “जाऊ दे” म्हणतील आणि मी मोकळी होईन.

“हो,” मॅडम म्हणाल्या.

अगदी स्पष्ट. मला रडू कोसळलं आणि मी ते आवरलं नाही. थांबलं की उत्तर येतं, हे त्यांनी मला बिजौलीच्या बसमध्ये सांगितलं होतं. त्या मला रडू देत माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ पुन्हा हलायला लागले. काहीतरी यायचं होतं. मी डोळे पुसले आणि थांबले, या वेळी मोजलंही नाही.

“बिट्टी,” त्या म्हणाल्या. खूप वेळ गेला. “कशी?”

चादरीवरच्या डाव्या हाताचा अंगठा हलला आणि पहिल्या पेरावर टेकला.

भाचेसून चहा घेऊन आली. “देखिए, फिर शुरू,” ती हळू आवाजात मला म्हणाली. “दिन भर यही करती हैं, उँगलियाँ घुमाती रहती हैं. डॉक्टर कहते हैं, बीमारी में ऐसा होता है.”

बिजौली माझ्या घरापासून फार लांब नाही, स्कूटीवर अर्धा तास. बिट्टी जी आता पंचेचाळीस वर्षांच्या असतील, असल्या तर. अंगठा सावकाश सरकत होता. एकच हात उरला होता, तेव्हा बारा पेरं झाल्यावर तो पुन्हा पहिल्यावर आला आणि पुढची आठ मोजायला लागला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मागे बघत होत्या तशाच, मला पूर्ण वेळ देत.

आठव्या पेराला मी म्हणाले, “माहीत नाही, मॅडम. मी परत कधी गेलेच नाही.”